डावी दांडी अप्पांची

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे. पण टीव्हीचा समजून नाक मुरडू नका. माझ्या डोक्यावर ओढली की हातभर लांब होणारी एरियल आहे, पोटात आठ सेल मावतात आणि छातीवर दोन दांड्या आहेत. डाव्या दांडीनं पाण्यातली खेळण्याची होडी पळते, उजवीनं तिचं सुकाणू वळतं. म्हणजे एके काळी वळायचं. आता मी वारणानगरच्या एका घरात कपाटावर असतो आणि काहीच करत नाही. माझ्या हातून एक वाईट गोष्ट घडली आहे. ती मी इतकी वर्षं पोटात ठेवली, आज सांगून टाकतो.

मी जपानमधल्या कारखान्यात जन्मलो, पण त्या गावचं मला काही आठवत नाही. मला आठवतं ते पुण्यातल्या दुकानाचं काचेचं टेबल. त्र्याण्णव साल होतं. माझ्या शेजारी एक नवा, दिमाखदार रिमोट बसला होता. त्याला पिस्तुलासारखी मूठ होती, बोटाशी चाप होता आणि कुशीला एक छोटं चाक. चाप दाबला की वेग, चाक फिरवलं की वळण. होडीवाले त्यालाच उचलून न्यायचे आणि मी आपला खेळण्याची विमानं उडवणाऱ्यांची वाट बघत बसायचो.

त्या दिवशी नागाप्पा आले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ते लाकडी पॅटर्न करायचे. म्हणजे फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत ठसा उमटवायला जो लाकडी नमुना लागतो, तो. मूळचे गडहिंग्लजकडचे. त्यांच्या अंगठ्यांना रंध्यानं घट्टे पडलेले होते. त्यांनी आधी चाकाचा रिमोट हातात घेतला, चाक फिरवून पाहिलं आणि खाली ठेवला.

"होडीसाठी सगळे हाच नेतात," दुकानदार म्हणाले. "हात वळेल तशी होडी वळते. शिकायला सोपा. शिवाय बोट सुटलं की चाप आपोआप मागे येतो, होडी थांबते. या दांड्यांच्या रिमोटचं तसं नाही. वेगाची दांडी जिथे ठेवाल तिथेच राहते."

"चांगला हाय की वो पावणं, पर ह्यो एकट्याचा हाय," नागाप्पा म्हणाले. "आमाला दोघांचा पायजे."

दुकानदारांना काही कळलं नाही. मलाही नाही. कोल्हापूरला पोचल्यावर कळलं. नागाप्पांना आठ वर्षांची मुलगी होती, विद्याश्री. नागाप्पांनी मला छातीशी धरलं, ती त्यांच्या पुढ्यात पाठमोरी उभी राहिली आणि वर हात करून तिनं उजव्या दांडीवर अंगठा ठेवला. डाव्या दांडीवर अप्पांचा.

"अप्पा, तुमी पळवा, मी वळवतो," ती म्हणाली. कोल्हापूरच्या पोरी 'मी करतो' असंच म्हणतात, नवल वाटून घेऊ नका.

तेव्हा मला समजलं की मला का निवडलं. चाकाच्या रिमोटवर दोन माणसांचे हात मावत नाहीत.

रंकाळ्याच्या पलीकडे दगडाच्या जुन्या खणी आहेत. दगड काढून झाले, खड्ड्यात पाणी साठलं आणि त्यांची तळी झाली. त्यातल्या एका खणीवर दर रविवारी सकाळी होड्यांच्या शर्यती चालायच्या. पाण्यात दोन टोकांना तेलाचे रिकामे डबे तरंगत ठेवायचे आणि त्यांना वळसे घालायचे. नागाप्पांनी शिवणीच्या लाकडाच्या पातळ फळ्यांची होडी केली होती, लालभडक. पहिल्या रविवारी एका होडीला दोन चालक बघून सगळे खो खो हसले. सयाजी नावाचे नागाप्पांचे मित्र होते, ते तर म्हणाले, "नागाप्पा, लेकीला कडंवर घिऊन शर्यत खेळतोस व्हय रं?" कुणीतरी हरकत घेतली. पण पंच गणपतराव खमके होते. "अंगठं एकाच माणसाचं पायजेत असं कुठं लिवलंय? दावा मला," ते गरजले आणि विषय मिटला.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कंटाळू नका, पुढे तिचीच गरज आहे. माझ्या पाठीत एक खाच आहे, तिच्यात नखाएवढा क्रिस्टल बसतो. त्याच्यावर नंबर असतो, माझा चार. होडीतही चार नंबरचा क्रिस्टल, म्हणून तिला माझं ऐकू येतं. पण दुसऱ्या कुणी चार नंबरचा रिमोट चालू केला, तर तिला दोघांचंही ऐकू येतं आणि जो जवळ असेल त्याचंच ती ऐकते. म्हणून गणपतरावांनी एक फळी टांगली होती. तिच्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे, प्रत्येकावर नंबर. ज्याला होडी सोडायची त्यानं आपल्या नंबरचा चिमटा काढून अंगावर लावायचा. चिमटा अंगावर नसेल तर रिमोटला हात लावायचा नाही. खणीवर बाकी शिव्या, चहा, थट्टा सगळं चालायचं, पण हा नियम कुणी मोडला नाही.

चार नंबरचा चिमटा विद्याश्रीच्या फ्रॉकला लागायचा. आठ वर्षं लागला. आधी फ्रॉकला, मग शाळेच्या स्वेटरला, मग ओढणीला. मला ते दिवस आठवले की अजून भरून येतं. सत्त्याण्णव साली आम्ही पहिले आलो. गणपतरावांनी माझ्या एरियलला झेंडूचा हार घातला आणि शांतव्वांनी, म्हणजे विद्याश्रीच्या आईनं, घरी मला कुंकू लावलं. विद्याश्री आता अप्पांच्या खांद्याला लागली होती, पुढ्यात मावत नव्हती. मग ती शेजारी उभी राहायची आणि दोघं मला दोन बाजूंनी धरायची.

पण अशी किती दिवस धरणार? ती सोळा वर्षांची झाली आणि तिला एकटीनं चालवावंसं वाटलं. त्यात तिची काय चूक? सयाजींनी तिला आपला चाकाचा रिमोट एकदा हातात दिला. तिनं पाच वळसे असे घातले की काठावरची माणसं उभी राहिली. घरी आल्यावर तिनं आधी होडी पुसून ठेवली. मग म्हणाली, "अप्पा, रागावणार न्हाईसा न्हवं? मला चाकाचा घ्या की."

"त्यात रागवायचं काय?" नागाप्पा म्हणाले. "तुजा हात चाकाचाच हाय. मला दिसतंय की."

ते खरंच बोलले. पण त्या रात्री जेवले नाहीत.

नवा रिमोट आला. होडीतलं बाकी सगळं तेच ठेवायचं होतं, म्हणून विद्याश्री म्हणाली, "आपला चार नंबर मोडायचा न्हाई. जुन्यातला क्रिस्टल काढून ह्यात घाला." नागाप्पांनी मला मांडीवर घेतलं, खाचेचं झाकण उघडलं, क्रिस्टल चिमटीत धरला. आणि मित्रांनो, त्यांच्यानं तो काढवेना. क्रिस्टल काढला की मी मुका झालो असतो. त्यांनी झाकण परत लावलं, पुण्याच्या दुकानातून चार नंबरचा दुसरा क्रिस्टल गुपचूप मागवला आणि नव्या रिमोटमध्ये घातला. लेकीनं विचारलं, "जुन्यातला काढला?" तर म्हणाले, "काढला."

एवढंच खोटं ते आयुष्यात बोलले असतील. माझ्या मायेपोटी बोलले. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, आता त्याचीच लाज वाटते.

जानेवारी दोन हजार दोन. बंगळूरच्या मोठ्या शर्यतीसाठी कोल्हापूरचा एकच खेळाडू निवडायचा होता. विद्याश्री दोन महिने रोज सकाळी सराव करत होती. शर्यतीच्या दिवशी चार नंबरचा चिमटा ओढणीला लावून ती अलीकडच्या काठावर उभी राहिली. नागाप्पा मला पिशवीत घेऊन पलीकडच्या काठावर गेले, शेवटच्या वळणाच्या डब्याजवळ. तिथे खणीची काळ्या दगडाची उभी भिंत आहे.

विद्याश्रीची लाल होडी सगळ्यांच्या पुढे होती. शेवटचा वळसा राहिला होता. नागाप्पांनी मला बाहेर काढलं, एरियल ओढली, डाव्या दांडीवर अंगठा ठेवला. तिनं तिकडून त्यांना पाहिलं आणि हसली. तिला वाटलं, अप्पा मुक्या रिमोटशी खेळतायत. नागाप्पांनाही खेळायचंच होतं. पण आठ वर्षांची सवय. एरियल ओढली की बटण दाबायचं, ते त्यांच्या बोटानं आपसूक दाबलं. "पळवतो बग," असं पुटपुटत त्यांनी दांडी पुढे सारली.

मी बोललो. मला बोलायचं नव्हतं, पण बटण दाबल्यावर मला गप्प राहता येत नाही. आणि होडी तिच्यापेक्षा मला जवळ होती. विद्याश्री तिकडे चाक फिरवत होती आणि होडी इकडे माझं ऐकत होती. पूर्ण वेग. वळण नाही. उजव्या दांडीवर कुणाचा अंगठाच नव्हता.

होडी सरळ येतेय हे बघून नागाप्पा दचकले, त्यांचा अंगठा सुटला. चाप असता तर मागे आला असता. माझी दांडी जिथे ठेवली तिथेच राहिली.

भिंतीवर एकच आवाज झाला. लाल फळ्या दोन क्षण तरंगल्या आणि गेल्या. खण तिथे फार खोल आहे.

नागाप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी चालू असलो की माझ्या तोंडावरचा काटा वर चढतो, तो चढलेला होता. त्यांनी बटण बंद केलं, एरियल आत दाबली. पलीकडून गणपतराव ओरडत होते, "कुणी चालू केला चार? कुणाकडं हाय चार?" सगळे आपापले रिमोट वर करून दाखवत होते. चिमटा तर विद्याश्रीच्या ओढणीला होता, मग संशय कुणावर घेणार? नागाप्पांनी तोंड उघडलं. मी वाट बघत होतो. त्यांनी मला पिशवीत सारलं.

विद्याश्री काठाकाठानं धावत आली आणि त्यांच्या गळ्यात पडली. "अप्पा, माजंच चुकलं. चाप दाबूनच धरला जनू मी. वळवलं कसं न्हाई मी? माजा हातच फसवा हाय."

"असू दे बाळा," एवढंच ते म्हणाले. तेव्हाच सांगितलं असतं तर! पण ती रडत होती, आणि त्यांना वाटलं, उद्या सांगू.

तो उद्या कधी उजाडलाच नाही. त्यांनी नवी होडी केली, आधीच्यापेक्षा देखणी. मला पुसून तिच्यापुढे ठेवलं. "चल, परत दोघं खेळू. तू वळव." तिनं मान हलवली. "नगं अप्पा. तुमचीबी बुडवीन." ती परत कधी खणीवर गेली नाही. पुढे तिचं लग्न वारणानगरला झालं, जावई दूध संघात. जावयांनी तिला स्कूटी घेऊन दिली, पण ती तिनं कधी चालवली नाही. माहेरी आली की हसत सांगायची, "माज्या हातात वेग द्यायचा न्हाई बाई." शांतव्वाही हसायच्या. नागाप्पा उठून बाहेर जायचे.

त्यांनी मला ट्रंकेत ठेवलं, पोटातले सेल तसेच ठेवून. कधीतरी दुपारी झाकण उघडून बघायचे, हात लावायचे नाहीत. सेल फुटले, त्यांचं पाणी माझ्या आतून झिरपत गेलं. असा मी मुका झालो.

दोन हजार आठ साली नागाप्पा गेले. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात विद्याश्री उशाशी होती. ते दोनदा म्हणाले म्हणे, "विद्या, त्यो चार नंबर..." ती म्हणाली, "झोपा अप्पा, मग बोलू."

दिवसकार्य झाल्यावर शांतव्वांनी ट्रंक उघडली. "तुज्या अप्पांचं खोकं हाय. तूच ने." विद्याश्रीनं मला मांडीवर घेतलं, सेलांची पांढरी बुरशी पदरानं पुसली. मग सहज पाठीतल्या खाचेचं झाकण उघडलं.

क्रिस्टल होता. चार.

ती त्याच्याकडे बघत राहिली. पलीकडचा काठ, वर ओढलेली एरियल, डाव्या दांडीवर अप्पांचा अंगठा, सगळं तिला एकदम दिसलं असणार. तिनं मला उराशी धरलं आणि इतकी मोठ्यानं रडली की शेजारच्या बायका परत आल्या.

"एवढंच हुतं व्हय अप्पा?" ती म्हणत होती. "एवढंच? सांगायचं की वो मला. हसलो असतो की आपण."

मित्रांनो, माझी विनंती साधी आहे. रिमोट ठेवून देताना त्यातले सेल काढून ठेवत जा, नाहीतर ते आतून खात जातात. आणि आपल्या माणसाच्या बाबतीत तुमच्या हातून काही चूक झाली असेल, तर त्याच दिवशी सांगा. ते रडत असलं तरी सांगा. आणि कुणी आजारी माणूस काही सांगू लागलं, तर त्याला झोपा म्हणू नका.

गेल्या महिन्यात विद्याश्री स्कूटी शिकली. पहिल्याच रविवारी ती मला पिशवीत घालून कोल्हापूरला आली, एकटी, स्वतः चालवत. खणीवर आता शर्यती होत नाहीत. भिंतीसमोर उभी राहून तिनं माझी एरियल ओढली आणि उजव्या दांडीवर अंगठा ठेवला.

"अप्पा," ती म्हणाली, "मी वळवतो. तुमी पळवा."

आम्ही दोघंही डाव्या दांडीकडे बघत राहिलो.