तिसऱ्या भागातले श्रीफळ

पौर्णिमा इंगोले यांच्या वाद्यवृंदरचनांची यादी केली, तर ती संगीताच्या इतिहासापेक्षा उद्घाटनांच्या इतिहासात अधिक शोभेल. ‘मार्गस्थ’ ही रचना तिवस्याजवळच्या एका रस्त्यासाठी होती. त्या समारंभात फीत दोनदा कापली गेली, कारण पहिल्या वेळी छायाचित्रकार चहाला गेला होता. रचना मात्र एकदाच वाजली. सेमाडोहच्या एका पर्यटनगृहाने मागवलेल्या ‘अरण्यपर्वा’त मालकांना दर पाच मिनिटांनी वाघ हवा होता. जंगलात तो पाहुण्यांना दिसत नाही, निदान ऐकू तरी यावा, असे त्यांचे म्हणणे. जर्मनीतल्या एका वाद्यवृंदाने बारा मिनिटांची रचना मागितली होती, ते पत्र अकरा ओळींचे होते. अकोल्याच्या श्रमसाफल्य जिनिंग-प्रेसिंग संघाने सुवर्णमहोत्सवासाठी पत्र पाठवले, त्यात एकोणीस अटी होत्या.

पहिल्या भागात संस्थापकांचे कष्ट यावेत. दुसऱ्यात सरकीपासून रुई सुटल्याचा आनंद यावा. शेवट राष्ट्राला साजेसा असावा, आणि कुठेही उदास वाटू नये. अमरावतीच्या आपल्या खोलीत बसून पौर्णिमाने सगळ्या अटी मान्य केल्या. अटी घालणारे ऐकत नाहीत, आणि न ऐकणाऱ्याला पाळलेली अट कोणती व मोडलेली कोणती हे कळण्याचा संभव नसतो, एवढे शहाणपण तिने या व्यवसायात कमावले होते. तिची स्वतःची अट एकच होती. तिसऱ्या भागात चार मिनिटांचे क्लॅरिनेट असेल, आणि ते अचलपूरचे अब्दुल गफ्फार मास्तर वाजवतील.

मास्तर पोलीस बँडमधून निवृत्त झाले आणि त्यांनी लग्नाचा बँड काढला. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचू शकणारा त्या टापूतला तो एकच माणूस. परतवाड्याच्या शाळेतली पौर्णिमा तीन वर्षे त्यांच्या ओसरीवर पाच रेघांवरचे ठिपके वाचायला शिकली; पुढे परदेशातल्या विद्यापीठाने तिला जे दिले, ते त्या ओसरीवरच्या शिक्षणाचे स्पष्टीकरण होते. लग्नात पंगत बसली की पाहुणे जेवत आणि बँडला कोणी विचारीत नसे. तेवढ्या वेळात मास्तर स्वतःसाठी एक संथ धून वाजवीत. तिला नाव नव्हते. तिसरा भाग त्या धुनेवर उभा होता.

आता मास्तर शहात्तर वर्षांचे होते. क्लॅरिनेट वरच्या पुढच्या दोन दातांवर टेकते, आणि नेमके तेच दोन दात हलत होते. डॉक्टरांनी ते काढायला सांगितले होते. त्यांची बायको कुलसुमबी रोज आठवण करी. मास्तर म्हणत, अकोल्याचं होऊ दे. दात गेले की क्लॅरिनेट पेटीत जाणार, हे त्या घरात कोणी बोलून दाखवीत नसे.

अकोल्याच्या बैठकीत तिसऱ्या भागावर गाडी अडली. निवेदक आणि सांस्कृतिक सल्लागार प्रा. मनोज यांनी मांडले की हे वाद्य आपल्या अस्मितेच्या चौकटीत बसत नाही. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या चाळीस वादकांच्या व्हायोलिन, चेलो आणि हॉर्नवर त्यांची हरकत नव्हती. ती सगळी वाद्ये बहुधा अस्मितेतच जन्मली असावीत. आक्षेप एकेचाळिसाव्यावर होता. तो माणसावर नसून वाद्यावर आहे, असे ते तीनदा म्हणाले. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा कोणी तसे विचारलेही नव्हते.

संघाचे अध्यक्ष रामराव यांना अस्मितेत रस नव्हता. त्यांची अडचण सरळ होती.

“आमच्या वर्षालीच्या लगनात याचाच बँड होता, बाई. आता इतक्या मोठ्या कार्यक्रमातबी तोच काहून?”

“तेव्हा ऐकला होता का तुम्ही, रामरावजी?”

“लगनात बँड कोन आयकते?”

समिती हसली. पौर्णिमा हसली नाही, आणि तिसरा भाग नसेल तर पहिले दोनही नाहीत, असे तिने सांगितले. पत्रिका छापून झाल्या होत्या, म्हणून कलेचा विजय झाला. त्या बदल्यात प्रा. मनोज यांनी विसावी अट लिहून घेतली: एकेचाळीसही कलावंतांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल, प्रत्येकाचे नाव पुकारून, स्थानिक कलावंत शेवटी. सत्कार वादन संपल्यावर, एवढे पौर्णिमाने कबूल करून घेतले. ते कागदावर घ्यायला मात्र ती विसरली.

समारंभाच्या दिवशी प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले आणि त्यांना लगेच पुढे नागपूर गाठायचे होते. तेव्हा प्रा. मनोज यांनी वेळेची बचत केली. दुसऱ्या भागाच्या बाराव्या आवर्तनाला ध्वनिक्षेपकावरून पहिले नाव पुकारले गेले. पहिला व्हायोलिनवादक गोंधळून उठला, शाल घेऊन आला. मग दुसरा. रुई सरकीपासून सुटत असताना वादक वाद्यवृंदापासून सुटत होते. परत आलेला प्रत्येक जण नारळ खुर्चीखाली ठेवी आणि आपली ओळ शोधू लागे, ती केव्हाच पुढे गेलेली असे. वाद्यवृंद चालवणाऱ्या पौर्णिमाची छडी चालू राहिली. थांबली असती, तर तिसरा भाग आलाच नसता. सभागृहात लोक आपसात बोलत होते, टाळ्या नावांना पडत होत्या.

तिसरा भाग सुरू झाला तेव्हा यादीत एकच नाव उरले होते. मास्तरांनी क्लॅरिनेट दातांवर टेकवले. धून सहाव्या आवर्तनात होती, तेवढ्यात नाव पुकारले गेले.

मास्तर उठले नाहीत. बँडवाल्यांचा एक नेम असतो: घोडा उधळो, वीज जावो, नवरदेव रुसो, सुरू झालेली धून अर्ध्यात तोडायची नाही.  मग रामराव शाल आणि श्रीफळ घेऊन स्वतः मास्तरांच्या खुर्चीशी गेले. शाल त्यांनी खांद्यांवर घातली. श्रीफळ पुढे केले. मास्तरांचे दोन्ही हात क्लॅरिनेटवर होते.

आणि तिथे संघाचा सुवर्णमहोत्सव खिळला. न दिलेले श्रीफळ जमिनीवर ठेवता येत नाही. दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, कारण नाव पुकारून झालेले. घेऊन परतावे, तर सत्कार नाकारला गेल्याचे दिसणार, आणि तेही छायाचित्रासह. श्रीफळ पोचल्याशिवाय पुढचे नाव नाही, आणि पुढचे नाव, भाषणासाठी, प्रमुख पाहुण्यांचे होते. प्रा. मनोज ध्वनिक्षेपकासमोर संपलेली यादी उलटून पाहू लागले. आता काय होते ते पाहण्यासाठी सभागृह गप्प झाले. त्या शांततेत त्याला ऐकू येऊ लागले.

शालीचे टोक घसरून क्लॅरिनेटच्या पुढच्या तोंडावर आले. आवाज दबला. रामरावांनी एका हाती श्रीफळ धरून दुसऱ्या हाताने ते टोक उचलले आणि तसेच वर धरून राहिले.

पौर्णिमाने हे सगळे पाहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हाती सत्ता आली. तिने लय उतरवली. चाळीस वादकांनी स्वर लांबवले. मास्तरांनी भुवयांखालून छडीकडे पाहिले आणि ओळखले. पोलीस बँडमधल्या माणसाला सलामी कितीही लांबली तरी श्वास पुरवायचे ठाऊक असते. चार मिनिटांचे सहा झाले. मागच्या रांगेतल्या कोणीतरी खोकला आवरला. शेवटचा स्वर तिने मास्तरांच्या छातीत हवा होती तोवर धरला, आणि मग सोडला.

मास्तरांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवले आणि दोन्ही हातांनी श्रीफळ घेतले. रामराव हलले नाहीत. पुढचे त्यांनी खाली वाकून, फक्त दोघांना ऐकू जाईल असे विचारले. तिसरी ऐकणारी पौर्णिमा होती.

“मास्तर, वर्षालीच्या लगनात हेच वाजवलं होतं काय?”

“हेच. तुमी पंगतीत वाढून राहिले होते, पाटील.”

राष्ट्राला साजेसा शेवट त्या दिवशी वाजला नाही. प्रमुख पाहुण्यांना घाई होती. संघाच्या अहवालात नोंद झाली की सत्कार अत्यंत शिस्तीत पार पडले.

मंगळवारी अचलपुरात मास्तरांचे दोन्ही दात काढले. बुधवारी कुलसुमबीने तो नारळ फोडून बारीक चटणी वाटली. नुकते दात काढलेल्या माणसाला तेवढी चालते.