हजाराची गुंडाळी

शेवटचा स्क्रू निघाला आणि झाकणाच्या आत चिकटवलेली चिठ्ठी दिसली. 'हजाराचा रेझिस्टर दुरुस्त केला.' खाली तारीख आणि ऐटीत शेपटी काढलेली माझीच सही.

"ओळखीची निघाली वाटतं?" पेटी घेऊन आलेला गृहस्थ म्हणाला. त्याला जुन्या यंत्रांचा शौक. ही त्यानं भंगारातून उचलली होती.

"आमच्याच कारखान्यातली. परवा या."

त्याला वाटेला लावलं आणि खोलीचं दार लोटलं.

ही पेटी म्हणजे वीज अडवणारे रेझिस्टर तोलायचा तराजू. आत नेमक्या मापाचे रेझिस्टर बसवलेले असतात, त्यांच्याशी ताडून बाहेरच्यांना पास-नापास करायचं. बत्तीस वर्षं मी हेच केलं, आणि त्याचा मला माज होता.

आतल्या हजार ओहमच्या रेझिस्टरवरचं मेण खरवडलं. मी सोल्डर केलेल्या जागी तार हिरवी पडून अर्धी झिजली होती. मग आठवलं. त्या दिवशी सोल्डरला लावायची राळ संपली होती. स्टोअरपर्यंत जायचा कंटाळा आला म्हणून पत्रे जोडायचं आम्लाचं मलम फासलं होतं. आम्ल बारीक तार खातं, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. दुरुस्तीनंतर आकडा चोख आला होता, म्हणून मी सही ठोकली. तार त्यानंतर सावकाश खाल्ली गेली.

मोजलं. नऊ ओहम जास्त. तेव्हा दोन-तीन असतील, पण नापास करायला तेवढे पुरे होते. तराजूतलं वजनच जड असलं की इमानदार मालही कमी भरतो.

हजाराच्या गुंडाळ्या, म्हणजे तारेचे वेढे घालून केलेले हजार ओहमचे रेझिस्टर, आमच्याकडे एकटी माझी ताई करायची. मला तिथं चिकटवलंही तिनंच. तिचा माल कमी भरायला लागला तेव्हा ती म्हणाली होती, "तुझी पेटी एकदा उघडून बघ रे."

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं!" सगळे पोट धरून हसले. तार वाचवून बाहेर विकते, असं सुपरवायझर म्हणाला, आणि मी गप्प राहिलो. तिला पॅकिंगला टाकलं. तीन महिन्यांत तिनं नोकरी सोडली. तेव्हापासून ती माझ्या घरी आहे. पुढं आम्ही गुंडाळ्या बाहेरून मागवल्या, त्याही कमी भरल्या. मी त्या पुरवणाऱ्या माणसालाही चोर ठरवलं. मूर्ख कुठला मी!

ताई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती.

"ताई, तुझ्या गुंडाळ्या बरोबर होत्या."

सोलणं थांबलं नाही. "मला नवीन काय सांगतोस?"

"पेटी चुकत होती. माझ्या दुरुस्तीनं."

आता सुरी थांबली. "म्हणजे अंगणच वाकडं होतं म्हणायचं."

माझी मान वर होईना. "तू भांडायला हवं होतंस."

"भांडले की. तू आकडा दाखवलास. आकड्यापुढं बहिणीचं कोण ऐकतं?"

"मी सांगतो सगळ्यांना. लिहून देतो."

"कुणाला?" ती म्हणाली. "कारखाना बंद होऊन बारा वर्षं झाली. सुपरवायझर गेला. त्याच्या फोटोला लिहून देतोस?"

ती हात पुसून आत गेली. मला वाटलं, आता बोलायची नाही. पण ती शिवणाचा डबा घेऊन माझ्या खोलीत आली. सुयांच्या खालून तिनं एक गुंडाळी काढली. हिरव्या रेशमी वेष्टणाची तार, वेढ्याला वेढा लागलेला, आणि वर लाल शाईत माझा 'नापास'.

"मोज."

नव्या मीटरचे चिमटे लावले. गुंडाळी टेबलावरून घसरू नये म्हणून चिमटीत धरली. पडद्यावरचे शेवटचे दोन आकडे सारखे हलत होते.

"बोटं काढ," ताई तुटकपणे म्हणाली. "गरम होते ती."

बोटं काढली. दोघं थांबलो. आकडे हळूहळू उतरले आणि बरोबर हजारावर थांबले.

तिनं चष्मा पुढं घेऊन आकडा वाचला, पुन्हा वाचला. मग चिमटे स्वतःच सोडवले, गुंडाळी डब्यात सुयांखाली ठेवली आणि उरलेले बटाटे सोलायला गेली.