नळाखालची पालथी परात

मित्रांनो, मला असं पालथं पाहून हसू नका. मी एक जुनी पितळी परात आहे. परातीने पीठ मळून घ्यावं, घरभराच्या भाकरी पोटात वागवाव्यात. माझं निम्मं आयुष्य मात्र नळाखाली तोंड खाली घालून गेलं.

माझा जन्म लातूरकडच्या एका तांबटाच्या हातचा. ठोके खात खात मी घडले, म्हणून आवाज खणखणीत. औशाच्या बाजारात सावित्रीच्या आईने मला टिचकी मारून पाहिलं आणि लेकीच्या लग्नासाठी घेतलं. माझ्या काठावर तिने नाव घालून घेतलं, ‘सावित्रीस आईकडून’. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं, तरी त्या अक्षरांवरून तिने दोनदा बोट फिरवलं होतं. मग गोणपाटात गुंडाळलेली मी एसटीच्या टपावरून पुण्याजवळच्या आकुर्डीला आले.

सावित्रीबाईंचे यजमान ज्योतीराम इथे कंपनीत लागले होते. त्यांची पहिली शिफ्ट असली की घरात सगळ्यांच्या आधी मी जागी व्हायचे. ज्वारीचं पीठ, कोमट पाणी आणि सावित्रीबाईंची मूठ. चिंच लावून घासलं की मी अशी लखलखायचे की शेजारणी विचारायच्या, “कुठून घेतलीस गं?” फुशारकी वाटेल, पण मला ते फार आवडायचं.

एकदा ओट्यावरून पडले आणि मला चीर गेली. भांडेवाल्याने डाग देऊन ती सांधली, पण सांधा टिकला नाही. घरात स्टीलची परात आली आणि मी माळ्यावर गेले. गरज सरो, वैद्य मरो. भांड्यांच्या जगातही हाच न्याय आहे.

मला खाली आणलं ते पाण्याने. आमच्या गल्लीखालचा पाइप गल्लीत चार घरं होती तेव्हाचा. पुढे घरांवर घरं चढली, भाडेकरू आले, पाइप होता तोच राहिला. पाणी एक दिवसाआड येऊ लागलं आणि यायच्या वेळेला काही धरबंध राहिला नाही. सावित्रीबाई अंगणातला नळ उघडा ठेवून दिवसभर कान लावून बसायच्या. ज्योतीरामांनी मला माळ्यावरून काढलं आणि नळाखाली पालथं घातलं. “हिला वाजू दे,” ते म्हणाले, “तू तेवढी घरातली कामं उरकून घे.”

नळातून आधी वाऱ्याचा सुस्कारा यायचा, मग पहिली धार माझ्या पाठीवर पडायची. टण्ण! शेजारच्या छबूबाई मूळच्या इथल्याच, गावठाणातल्या. त्या दारातून ओरडायच्या, “ऊठ गं बाय, वाजली तुजी परात! आमी लागलो भरायला!” सगळी गल्ली हंडे-कळश्या घेऊन पळायची. मला वाटायचं, माझ्याशिवाय या गल्लीचं पानही हलत नाही.

माझा आवाज औशापर्यंतसुद्धा पोचला होता. आईचा फोन आला की सावित्रीबाई अंगणात बसून बोलायच्या. बोलणं रंगात यायचं आणि मी वाजायचे. तिकडून म्हातारीच सांगायची, “वाजली बघ माझी परात. जा बाई, भर पाणी. माझं काय, मी हाय की.” फोन बंद व्हायचा. राहिलेलं बोलणं पुढच्या फोनवर जायचं आणि पुढच्या फोनलाही मी वाजायचेच.

माहेरी जाणंही तसंच. भावाच्या घरची वास्तुशांत, भाचीचं बारसं, सगळं पाण्याच्या दिवसांमध्ये बसवायचं. बसलं नाही तर राहायचं. गावाकडचे म्हणायचे, सावित्री शहरात गेली आणि बदलली. सावित्री कुठे बदलली होती? ती नळाला बांधलेली होती.

मग एक दिवस तिच्या भावाचा, धोंडीबाचा फोन आला. आईने अन्न सोडलं होतं. त्याने फोन आईच्या कानाला लावला.

“कधी येतीस गं?” आवाज अगदी बारीक झाला होता.

“उद्या पाण्याचा दिवस हाय आई. तेवढं भरून ठेवते आन् परवा निघते बघ.”

“भर बाई, भर. मी हाय की.”

छबूबाईंनी भिंतीपलीकडून ऐकलं. त्या तरातरा आल्या. “आगं, आजच जा की! मी भरीन तुजं पाणी.”

“तुमच्याच दोन बादल्या भरंस्तोवर नळ जातोय काकू. ह्यांची शिफ्ट, घरात थेंब नाही. मी तिकडं किती दिवस राहीन, कुणाला ठाऊक?”

दुसऱ्या दिवशी तिने पिशवी भरून दाराशी ठेवली, नळ उघडला, मला नीट पालथं घातलं आणि उंबऱ्यावर बसली. सकाळ गेली. ऊन माझ्यावरून सरकून भिंतीवर चढलं. नळातून वाराही आला नाही. नंतर कळलं, वरच्या चौकात तो जुना पाइप फुटला होता, पाणी रस्त्यावरून वाहत होतं. आम्ही दोघी कान लावून बसलो होतो.

शेवटी वाजला तो फोन. धोंडीबाने दोनच शब्द सांगितले, “आई गेली.”

सावित्रीबाई उठल्या. पिशवी उचलून तशाच वल्लभनगरच्या एसटी स्टँडकडे निघाल्या. संध्याकाळी नळाला गढूळ पाणी आलं. कुलूप लावलेल्या घरापुढे मी जीव तोडून वाजत राहिले. मला त्या दिवशी माझ्या आवाजाचा पहिल्यांदा वीट आला.

त्यानंतर काही वर्षांनी गल्ली खणली गेली. जुना पाइप निघाला, काळा, जाड नवा पाइप पडला, दारोदार मीटर बसले. कामगारांनी जुन्या पाइपाचा एक तुकडा आमच्या दाराशी टाकला होता. आतून गंज साचून साचून पाणी जायला करंगळीएवढी वाट उरली होती. सावित्रीबाई खाली बसल्या. त्या भोकात त्यांनी बोट घालून पाहिलं.

“एवढ्याशा भोकात माझा जलम अडकला होता व्हय!” त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाशी धरून रडल्या. आई गेल्यावर मी त्यांना रडताना पाहिलं ते तेव्हाच.

आता नळ कधीही फिरवा, पाणी आहे. गल्लीतली लेकरं आंघोळ करून वेळेवर शाळेत जातात, छबूबाईंनी दारात तगर लावली आहे. मला आनंद आहे, अगदी खरा आनंद. परवा ज्योतीराम म्हणाले, “चल, गावाकडं जाऊन येऊ निवांत.” सावित्रीबाई माझ्या काठावरची अक्षरं घासत होत्या. थेंबांनी ती इतकी झिजली आहेत की आता ‘आईकडून’ एवढंच वाचता येतं.

“जाऊ की,” त्या म्हणाल्या. “आता कधीबी निघता येतंय. पण ‘कधी येतीस’ म्हणून इचारायला कोण हाय?”

मित्रांनो, जमिनीखालचा पाइप कुणाला दिसत नाही, म्हणून तो गंजला तरी कुणी घाई करत नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कुणी गावाला पाणी पुरवायचं काम करेल. तेव्हा वेळेवर खणा. आणि आज घरात जी कुणी पाण्यासाठी कान लावून बसते, तिच्या हातातला हंडा घ्या आणि तिला सांगा, तू जा, आम्ही भरतो.

मला आता पुन्हा माळ्यावर पालथं ठेवलं आहे. खाली सावित्रीबाईंचा फोन कधीमधी वाजतो. त्या हवं तेवढा वेळ बोलू शकतात, मध्ये कुणी वाजत नाही. पण पलीकडून ‘वाजली बघ माझी परात’ म्हणणारा तो आवाज मला अजून ऐकायचा असतो.