रिकाम्या काट्यावरचे सहा किलो चारशे

घाबरू नका, मी वजनकाटा बोलतोय. आजवर तुम्ही माझ्यावर उभे राहून खाली बघत आलात, आज मी जरा वर बघून चार शब्द बोलतो, एवढंच.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर थापाड्या म्हणायला नको. गेल्या वर्षी आठ-दहा दिवस, माझ्यावर चिटपाखरू उभं नसताना, मी सहा किलो चारशे ग्रॅम दाखवत होतो. तेही भर दुपारी, लख्ख उजेडात, सगळे जेवायला गेलेले असताना. तुमचा विश्वास बसणार नाही. माझाही बसत नव्हता.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यावर पहिल्यांदा कोण चढलं असेल, तर वीस किलोचं लोखंडी प्रमाण वजन. लोखंड मुकाट उभं राहतं. माणूस तसा राहत नाही. त्याचा श्वास, त्याची नाडी, त्याची काळजी, सगळं थरथरत तळपायातून माझ्यात उतरतं. आकडा स्थिर होण्याआधी तो जो जरासा डळमळतो ना, ते तुमचं जिवंत असणं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली काही वर्षं मी एका मोठ्या इस्पितळाच्या आहार विभागात होतो. काय मजा होती! सगळ्यांना वजन कमी हवं असायचं. एक बाई चपला, बांगड्या, कानातलं, शेवटी चष्मासुद्धा काढून माझ्यावर चढायच्या, आणि मग आकडा दिसेना म्हणून चष्मा पुन्हा घालायच्या. एक गृहस्थ वजनाच्या आदल्या दिवशी न चुकता केस कापून यायचे. टकलावर उरले होते ते तरी किती!

मग एक दिवस मला उचलून दोन मजले वर नेलं. तिथे स्वादुपिंडाच्या आणि पोटातल्या इतर कॅन्सरवर नवं औषध तपासत होते. खोली छोटी, पांढरी, गारेगार. दर पंधरा दिवसांनी पेशंट यायचा. रक्त, रक्तदाब, वजन, मग सलाईनमधून औषध. डोस वजनावर ठरायचा. सुरुवातीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घट झाली की डोस कमी करायचा, असा नियम.

इथे सगळं उलटं. इथे लोक देवाशी भांडावं तसे माझ्याकडे बघायचे, आकडा खाली येऊ नये म्हणून. आणि तो यायचाच. दर वेळी माणूस थोडा कमी होऊन यायचा. तो कमी झालेला भाग जातो कुठे, असा प्रश्न मला पडायला लागला. खोली रिकामी झाली की वाटायचं, इथेच कुठेतरी कोपऱ्यात बसला असेल.

अशात आले किल्लीवाले काका. चाळीस वर्षं एकाच बोळात बसून किल्ल्या बनवलेला माणूस. बोटांना कानशीचे वळ, जिभेला लगाम नाही.

"सिस्टर, काटा बरोबर आहे ना? नाहीतर मी कानस आणलीय," पहिल्याच दिवशी म्हणाले.

"काका, उभे राहा सरळ. हलू नका."

"चाळीस वर्षं बसूनच काढली. उभं राहायची सवय नाही हो."

अडुसष्ट किलो चारशे. बरोबर काकू होत्या. कमी बोलायच्या, पण आकडा त्याच आधी वाचायच्या.

दुसऱ्या खेपेला सहासष्ट नऊशे. सिस्टर नुसत्याच "हं" म्हणाल्या. आजारी माणसाला 'हं' फार मोठं ऐकू येतं.

त्याच दिवशी बाहेरच्या बाकावर काकांशेजारी बसणारे एक निवृत्त ट्रकड्रायव्हर माझ्यावरून उतरले ते चार किलोंनी हलके होऊन, आणि तासाभरात चाचणीतूनच बाहेर झाले. त्यांच्या यकृताचे रिपोर्ट बिघडले होते, म्हणून औषध थांबवावं लागलं. पण ते दाराआड बोललं गेलं. काकांनी पाहिला तो फक्त माझा आकडा.

"बघितलंस?" ते काकूंना हळूच म्हणाले. "वजन उतरलं की बाहेरचा रस्ता."

"अहो, डॉक्टरीणबाईंना विचारूया की."

"विचारलं की त्यांच्या लक्षात येईल. अगं, बाकीची सगळी औषधं करून झालीत. नव्याण्णव किल्ल्या लागल्या नाहीत. शंभरावी हातात आलीय, ती फिरवायच्या आधीच मला दुकानाबाहेर काढतील."

तिसऱ्या खेपेला काका आले ते जाड लोकरी बंडी घालून. सिस्टरनी चपला काढायला लावल्या, कोट काढायला लावला. बंडीशी आल्या तेव्हा काका म्हणाले, "ही राहू दे, हाडं वाजतात." खोली गार होतीच. राहू दिली.

ते चढले, आणि मी दचकलो.

सहासष्ट आठशे. पण त्यातले पासष्ट सहाशे थरथरत होते, आणि एक किलो दोनशे मुकाट उभे होते. लोखंड आणि पितळ. काकूंनी बंडीला आतून खिसे शिवले होते, आणि वाजू नयेत म्हणून किल्ल्यांचा जुडगा कापसात गुंडाळून त्यात भरला होता.

मी ओरडायला हवं होतं. पण मला तोंड कुठलं? मला फक्त बेरीज येते. कशाची, ते सांगता येत नाही.

पुढच्या खेपेला आणखी एक जुडगा वाढला. मग आणखी एक. काका आतून जेवढे कमी होत, तेवढ्या किल्ल्या बंडीत वाढत. घरांच्या, गोदामांच्या, कपाटांच्या, मालक परत न आलेल्या किल्ल्या. माझा आकडा जवळजवळ तिथल्या तिथे. सिस्टर खूश. "वा काका, टिकवलंत वजन!"

"काकूंच्या हातची कमाल," काका म्हणायचे. ते खरंच होतं. काकू मात्र खिडकीबाहेर बघत बसायच्या.

सहाव्या खेपेला त्यांच्या खऱ्या वजनातली घट दहा टक्क्यांच्या वर गेली. डोस कमी व्हायला हवा होता. मी दाखवलं सहासष्ट तीनशे, आणि त्यांना पूर्ण डोस मिळाला. सातव्या खेपेलाही तेच. पांढऱ्या पेशी ढासळल्या, तोंड आतून सोलून निघालं, ताप चढला, आणि काकांना भरती करावं लागलं. तिथल्या पलंगालाच वजनकाटा होता. त्यानं सांगितलं, साडेएकोणसाठ.

सिस्टर धावत माझ्याकडे आल्या. "या मेल्या काट्यानं घात केला!"

तपासनीस आला, प्रमाण वजनं घेऊन. वीस ठेवलं, मी वीस म्हणालो. चाळीस ठेवलं, चाळीस. "काटा निर्दोष आहे," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच निर्दोष ठरून मला लाज वाटली.

दारात काकू उभ्या होत्या. "काट्याला बोलू नका," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बंडी टेबलावर ठेवली. टेबल दणाणलं.

ताप उतरल्यावर काका चाकांच्या खुर्चीत बसून त्या खोलीत आले. डॉक्टरीणबाईही आल्या.

"काका, हे काय केलंत? आम्ही तुम्हाला काढलं नसतं हो. फक्त डोस कमी केला असता. आणि तोच तुम्हाला झेपला असता."

काका म्हणाले, "म्हणजे दार उघडंच होतं. आणि मी कुलूप फोडत बसलो."

त्यांची नजर सिस्टरच्या वहीकडे गेली.

"आता माझे आकडे फेकून देणार?"

"खोटे आकडे ठेवता येत नाहीत, काका."

"मग खरे काढा. किल्लीवाला आहे मी. कुठल्या तारखेला कुठला जुडगा घातला, ते माझ्या लक्षात असतं."

प्रत्येक जुडग्याला पत्र्याचा बिल्ला होता आणि त्यावर तारीख कोरलेली. सिस्टर वही घेऊन बसल्या. काकू एकेक जुडगा माझ्यावर ठेवत गेल्या. एक दोनशे. दोन तीनशे. तीन सातशे. पाच शंभर. शेवटचा ठेवला, सहा चारशे.

माझ्यावर किल्ल्यांचा ढीग होता, आणि समोर खुर्चीत काका. अडीच-तीन महिन्यांत त्यांच्यातून जे निघून गेलं, ते जणू माझ्यावर येऊन बसलं होतं. आणि शपथेवर सांगतो, ते लोखंड मुकाट नव्हतं. आकडा डळमळत होता. श्वास घेतल्यासारखा.

डॉक्टरीणबाईंनी सगळं जसंच्या तसं लिहून वर कळवलं, किल्ल्यांसकट. आकडे दुरुस्त झाले, चुकीचा डोस चुकीचा म्हणून नोंदला गेला. काकांना औषध पुन्हा दिलं ते कमी डोसानं. ते त्यांना झेपलं. पण आजार पुढे निघून गेला होता. तीन महिन्यांनी घरीच त्यांनी डोळे मिटले.

तेव्हापासून दुपारी मी सहा किलो चारशे दाखवायला लागलो. शून्याचं बटण दाबलं की जायचं, पाठ वळली की परत यायचं. तपासनीस तीनदा आला, मला उलटा केला, पोट उघडलं. काही सापडेना. भुताटकीचा काटा पेशंटच्या कामाचा नाही, हे मलाही पटत होतं. 'मोडीत' असा कागद माझ्या पाठीवर चिकटला. आकडा सिस्टर ओळखत होत्या, पण कोणाला बोलल्या नाहीत. त्यांनी काकूंना फोन केला.

काकू आल्या तेव्हा दुपार होती, आणि मी दाखवत होतो. त्यांनी आकडा वाचला. नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी. मग पदर सावरून माझ्यासमोर खाली बसल्या.

"अहो," त्या म्हणाल्या. "नोंद झालीय तुमची. वहीत आहे, बघितली मी. उतरा आता. सिस्टरना कामं आहेत."

आकडा डळमळला. सहा चारशे. पाच. दोन तीनशे. एक.

शून्य.

काकू तशाच बसून राहिल्या. सिस्टरनी त्यांना पाणी दिलं आणि माझ्या पाठीवरचा कागद फाडून टाकला.

त्यानंतर मी कधीच चुकलो नाही. आता माझ्याशेजारी खुंटीवर एक झगा असतो. प्रत्येक पेशंट तो घालूनच माझ्यावर चढतो. त्याला खिसा नाही. नवे पेशंट विचारतात, असा कसा हा झगा? सिस्टर म्हणतात, "एका काकांनी शिवून घेतलाय असं समजा."

कधी माझ्यावर यायची वेळ आली, तर बाबांनो, मोकळे या. कमी झालं असेल तर कमी दिसू द्या. आतल्या माणसांना विचारा, त्यांना सांगा. कमी झालं म्हणून इथे कोणी कोणाला बाहेर काढत नाही.

आणि दुपारी खोलीत कोणी नसताना मी शून्य दाखवत असतो. अगदी बरोबर शून्य. कधीकधी ते फार जड जातं.