टोपीच्या गोष्टीची कॅसेट

मित्रांनो, कपाटावर रिकाम्या बॅगांच्या मागे धुळीने माखलेला डबा दिसतो ना, तो मी. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझं झाकण तुटलंय, आवाज थोडा बसलाय, पण कान अजून शाबूत आहेत.

कारखान्यात मला जोडलं तेव्हा तपासनिसाने माझ्यात "एक, दोन, तीन" बोलून पाहिलं आणि पाठीवर थाप मारली. ती माझी पहिली शाबासकी. मग मी या घरी आलो. गाणी ऐकवली, मुलाचं पाठांतर करून घेतलं. पाहुणे आले की आधी माझं कौतुक व्हायचं, मग चहा. पुढे मुलगा परदेशी गेला, तिथेच त्याने लग्न केलं आणि माझी रवानगी कपाटावर झाली.

मला खाली काढलं ते त्याच्या आईने, म्हणजे आजीने. तिच्या नातीला फक्त फ्रेंच यायचं. फोनवर दोघी "हॅलो" म्हणायच्या आणि मग नुसत्या हसायच्या. आजीने मनावर घेतलं. आजोबा आणि ती लग्नानंतर तळ्याकाठी सहलीला गेले होते, ती गोष्ट नातीला तिच्याच भाषेत सांगायची. शिकवायला एक बाई येऊ लागल्या. त्यांची पद्धत कडक होती. गोष्ट कॅसेटवर बोलायची आणि चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून, त्याच कॅसेटवर. नवं उमटवताना जुनं पुसत जायचं, ही माझी घडणच आहे.

फ्रेंचमधल्या भूतकाळाने आजीच्या नाकी नऊ आणले. एकदा घडून गेलं त्याला एक रूप, घडत राहिलं त्याला दुसरं. 'आम्ही नावेत बसलो', 'वारा वाहत होता', 'टोपी पाण्यात पडली'. भाजी चिरतानाही ती क्रियापदं पुटपुटायची. आजोबा शेजारी आरामखुर्चीत बसून ऐकायचे. त्यांना फ्रेंचचा गंध नव्हता, पण टोपीचा शब्द तेवढा पाठ झाला होता. तो आला की ते हमखास तोंड घालायचे.

"पडली म्हणे! अगं, माझी टोपी तूच पाडलीस!"

"अहो, गप्प बसा ना! झाली ना सगळ्याची माती."

"मग खरं सांग की पोरीला."

आजी लटक्या रागाने फीत मागे न्यायची, रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबायची. आजोबांचं बोलणं, त्यांचं खोकत खोकत हसणं पुसलं जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

थंडीत आजोबा आजारी पडले आणि गेले. बरेच दिवस मला कोणी हात लावला नाही. मग एका दुपारी आजी एकटीच माझ्यासमोर बसली. आदल्या खेपेचं आजोबांचं हसणं अजून कॅसेटवर होतं. तिच्या ते ध्यानातच आलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला स्वतःचा आवाज नाही. तिने लाल बटण दाबलं. टोपीपाशी ती जराशी थांबली. कोणीच काही बोललं नाही. तिने गोष्ट पुरी केली.

"एकही चूक नाही हो, आजी!" दुसऱ्या दिवशी कॅसेट ऐकून बाई म्हणाल्या.

उन्हाळ्यात मुलगा नातीला घेऊन आला. नातीने कॅसेट ऐकली, टोपीपाशी ती खुदकन हसली. आजीचा चेहरा फुलला. मग नातीने काहीतरी विचारलं.

"आई, ती म्हणतेय की..." मुलगा सांगू लागला.

"कळलं मला," आजी म्हणाली. "यात आजोबांचा आवाज कुठे आहे, विचारतेय."

तिने फीत मागे नेली, पुढे नेली, कॅसेट उलटी करून लावली. दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या. मग तिने माझ्यावर हात ठेवला.

मित्रांनो, मला ते हसणं अजून आठवतं. पण मला ऐकवता येतं ते फितीवर असेल तेवढंच. माझ्यावरची धूळ तुम्ही पुसली नाहीत तरी चालेल. मात्र घरातलं कोणी मध्येच बोललं, तुमचं वाक्य बिघडवलं, तर ते तसंच राहू द्या. लाल बटण दाबण्याआधी शेजारच्या खुर्चीत कोण हसतंय, ते एकदा बघा.