सूचक : दस्तगीर शिकलगार

एखाद्याला खड्ड्यात घालायचं असलं तर आमच्या सातारा-सांगलीकडं कुणी त्याला ढकलत नाही. उडी मारायला परवानगी मिळावी, असा अर्ज त्याच्याकडूनच लिहून घेतात. सोसायटी असो, दूध डेअरी असो, नाहीतर शाळेची कमिटी. ठराव म्हटला की सूचक लागतो, अनुमोदक लागतो, आणि ज्याच्या मानेवर सुरी फिरणार असते त्यालाच बऱ्याचदा सूचक करतात. चेअरमनला हटवायचं तर चेअरमन स्वतःच 'प्रकृतीच्या कारणास्तव' राजीनामा देतो आणि तो मंजूर करताना सभेला फार दुःख होतं. सुमैरा याच मुलखात जन्मली, आष्ट्यात वाढली, तरी ही रीत तिला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी कळली. पुस्तकं वाचणाऱ्या माणसांचं असंच होतं.

तिच्या पीएचडीचा विषय होता 'नवा मळा'. रहिमतपूरजवळच्या माळावर १९५१ साली लालासाहेब नावाच्या एका समाजवादी पुढाऱ्यानं बेचाळीस घरं गोळा केली आणि सामुदायिक शेती सुरू केली. जमीन एक, बैल सगळ्यांचे, आणि चूलसुद्धा एकच. घंटा झाली की सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं. अकरा वर्षं हे चाललं. लालासाहेबांवर गौरवग्रंथ निघाले, भाषणं छापून झाली. पण त्या मळ्यावर माणसं सकाळी उठून काय करत होती, साबण कोण वाटत होतं, पोरांच्या उवा कोण काढत होतं, हे कुणी लिहिलं नव्हतं. सुमैराला ते लिहायचं होतं, आणि तिला कारणही होतं. तिची दादी जैतूनबी त्या मळ्यावरच वाढली होती. बेचाळीस घरांत मुसलमानांची घरं दोन, त्यातलं एक दादीच्या बापाचं, दस्तगीर शिकलगारचं. मळ्यावरच्या विळ्या-कोयत्यांना धार लावायचं काम त्याच्याकडं असायचं.

घरात दादी आपली दखनी बोली बोलायची, पण नव्या मळ्याची गोष्ट निघाली की मराठीवर यायची. ते सगळं मराठीत घडलं होतं, तर दुसऱ्या भाषेत कसं सांगणार?

"एक पंगत हुती म्हंत्यात, खरंय त्ये," दादी म्हणाली होती. "पर आमी न्हवतो त्या पंगतीत. आमी दोन घरं गोठ्याकडच्या भिताडाला बसायचो. आमच्या ताटल्या बी येगळ्या. भाईरनं पावनं यायचं पंगत बघाया, फोटू काढाया. दलितांची घरं मधोमध बसलेली बघून खूश व्हायचं. मुसलमान कुटं बसलाय ह्ये कुनी इचारलंच न्हाई."

सुमैरानं हे लिहून मार्गदर्शकांकडं नेलं. धैर्यशील सर खादी घालणारे, स्वतःला लालासाहेबांच्या विचारांचे वारसदार मानणारे. मनाचे वाईट नव्हते. वाईट माणसाशी भांडायला सोपं असतं, म्हणून सांगितलं. त्यांनी कागद वाचला आणि मान हलवली. "आजींचा आदर आहे, सुमैरा. पण सत्तर वर्षांपूर्वीची, आठ वर्षांच्या मुलीची आठवण. इतिहासाला कागद लागतो. कागद आण, पूर्ण प्रकरण लिही. मी पाठीशी आहे."

शब्द चांगला होता. सुमैरानं तो पदराला बांधला, आराखड्यात 'भोजनगृह' नावाचं चौथं प्रकरण घालून समितीची मंजुरी घेतली आणि कागदाच्या मागं लागली.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तिसऱ्या मजल्यावर, लालासाहेबांच्या घरच्यांनी दिलेले सतरा गठ्ठे लाल फडक्यात बांधून ठेवले होते. आष्ट्याहून दीड तासाची एसटी, खाली पिशवी जमा करायची, वर पेन चालत नाही म्हणून शिसपेन्सिल, आणि एका दिवसाला दोनच गठ्ठे. गठ्ठे काढून देणारा बिरदेव हा परिचर चिठ्ठी वाचून हसला होता.

"मॅडम, सगळी भाषणाचं गठ्ठं मागत्यात. भटारखान्याचं गठ्ठं मागनाऱ्या तुमी पयल्याच. ह्या फडक्याची गाठ आजपातूर कुनी सोडली न्हाई."

गाठ खरंच सुटेना. शेवटी त्यानं दातानं सोडली.

आणि आतून बेचाळीस घरांचा संसार बाहेर पडला. कुणाच्या पोराला खोकला म्हणून गूळ जास्त दिला, कुणी दोन वेळा साबण नेला, रेडिओवर कीर्तन लावायचं की बातम्या यावरून झालेली भांडणं, दळणाच्या पाळ्या, भाकरीच्या पाळ्या, पाण्याच्या पाळ्या. सुमैरा दीड वर्ष ते वाचत होती. तिला त्या माणसांची माया लागली. लालासाहेबांचीही. पोरींनी शाळा सोडू नये म्हणून त्यांनी दारोदार घातलेल्या हेलपाट्यांची नोंद होती तिथं. दादीला अक्षर आलं ते त्याच शाळेत. माणूस खोटा नव्हता, हे तिला दिसत होतं, आणि म्हणूनच तिला पाळ्यांची वही वाचताना जड गेलं. अकरा वर्षांत दस्तगीरच्या बायकोचं नाव दळणाला होतं, ज्वारी निवडायला होतं, अंगण झाडायला होतं. भाकरीला एकदाही नव्हतं. पाण्याला एकदाही नव्हतं.

"हा तर्क झाला," सर म्हणाले. "त्यांना भाकरी चांगली येत नसेल."

चौदाव्या गठ्ठ्यात ठरावाची वही निघाली. सुमैरानं एकेक पान उलटलं आणि एक्केचाळिसाव्या ठरावावर तिचं बोट थांबलं. अक्षर मोत्यासारखं होतं. 'मुसलमान सभासदांनी केलेल्या विनंतीवरून, त्यांच्या सोयीसाठी, त्यांची पंगत व भांडी स्वतंत्र ठेवण्यास ही सभा आनंदाने मान्यता देत आहे. सूचक : दस्तगीर बाबालाल शिकलगार. अनुमोदक : लालासाहेब. ठराव सर्वानुमते मंजूर.'

खाली सही होती. वाकडीतिकडी, पण स्वतःच्या हातची.

कागद मिळाला होता. दीड वर्ष ज्याच्यासाठी पायपीट केली तो कागद, आणि तो सांगत होता की दादीच्या बापानंच मागून घेतलं. सुमैराला आधी लाज वाटली, मग दादीचा राग आला. अख्खं घर ती भिंत उरावर घेऊन जगलं, आणि ती भिंत आपल्याच माणसानं मागितलेली? बिरदेवनं विचारलं, "गावलं का काय?" ती म्हणाली, "गावलं," आणि तिला रडू आलं. त्याला वाटलं, आनंदानं.

आष्ट्याला पोचली तेव्हा दादी पडवीत शेंगा फोडत बसली होती. सुमैरानं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"दादी, पंगत तुझ्या बानंच वेगळी मागितली होती?"

दादीनं हातातली शेंग फोडली. "व्हय."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"तू इचारलंस पंगत कुटं हुती. कुनी मागितली, त्ये कवा इचारलंस?"

दादीनं टरफलं बाजूला सारली आणि सांगितलं. चुलीवरच्या बायकांनी कुरकुर लावली होती, की मुसलमानांच्या हातचं आणि मुसलमानांच्या शेजारी नको. सहा घरं मळा सोडून जायला निघाली होती. मग एका दुपारी लालासाहेब दस्तगीरच्या घरी आले. खाली घोंगड्यावर बसले. घरातला चहा प्याले, बशीत ओतून, दोन वेळा.

"लय साधा मानूस," दादी म्हणाली. "त्यास्नी आमचं काय वावडं न्हवतं. डोळ्यात पानी हुतं त्येंच्या. म्हनालं, दस्तगीर, आमी ठराव केला तर मळ्याला डाग लागंल. तूच माग. तू मागितलंस की कुनी कुनाला काय केलं असं हुत न्हाई, आन् मळा बी टिकतो. बा म्हनाला, बरं."

"आणि त्यानं सही केली?"

"केली. मळा टिकला की. आमी बी पोट भरून जेवलो अकरा वर्सं, खोटं कशाला बोलू." दादीनं एक शेंग उचलली आणि तशीच हातात धरली. "पर त्या दिसापास्नं बानं कुनाला कायबी मागितलं न्हाई बग. घरात सुदिक. जेवताना मीठ न्हाई म्हनून मागायचा न्हाई. पानी सोता उटून घ्याचा. मरायला टेकला तवा आयेनं इचारलं, काय हवं का? म्हनाला, मला इचारू नगा."

सुमैराला तेव्हा स्वतःच्या रागाची शरम वाटली. ती दादीजवळ बसली आणि उरलेल्या शेंगा दोघींनी मिळून फोडल्या.

चौथं प्रकरण तिनं तीन आठवड्यांत लिहिलं. पाळ्यांची वही, ठराव, आणि ठरावाशेजारी दादीचा जबाब, शब्द न् शब्द. लालासाहेबांचा चहा तिनं गाळला नाही, डोळ्यांतलं पाणीही गाळलं नाही. कुणावर आरोप केला नाही. एवढंच लिहिलं की ठरावातली विनंती कशी तयार झाली ते असं. तिला मनातून माहीत होतं की आजवर आपण लिहिलेलं हे सगळ्यात चांगलं आहे.

सरांनी प्रकरण दोनदा वाचलं. मग केबिनचं दार लोटून घेतलं.

"अप्रतिम आहे," ते म्हणाले. "आणि हे छापता येणार नाही."

"सर, तुम्हीच म्हणाला होता, कागद आण. कागद आहे."

"कागद आहे ना. कागद म्हणतो, त्यांनी मागितलं. तू म्हणतेस, मागायला लावलं. त्याला पुरावा पुन्हा आजीच." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे बघ, मी आजींवर अविश्वास दाखवत नाही. मला तर वाचताना गलबलून आलं. पण दिवस कसले आहेत ते बघतेस ना? लालासाहेबांचं नाव पुसायला टपलेली माणसं थोडी आहेत का? त्यांच्या हातात हे कोलीत द्यायचं? उद्या ते म्हणतील, बघा तुमची समता. आणि त्यात तुमच्याच लोकांचं नुकसान होईल. जो एक माणूस तुमच्यासाठी उभा होता, त्यालाच तू पाडणार?"

ते तळमळीनं बोलत होते. खरंही असेल त्यातलं काही.

"मग काय करू?"

"चौथं प्रकरण गाळायचं. तिसऱ्यात एक ओळ घाल, की भोजनगृह सामायिक होतं. फक्त समितीनं प्रकरण मंजूर केलंय, तर गाळायला तुझा अर्ज लागेल." त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला आणि सवयीनं मजकूर सांगायला लागले. "मी, खाली सही करणार, स्वेच्छेने विनंती करते की पुरेशा साधनांअभावी..."

"सर, मी विनंती केलेली नाही."

"अगं, पद्धत असते ती. विभागानं गाळलं असं दिसलं तर विभागाला डाग लागतो. तूच मागितलंस की कुणी कुणाला काही केलं असं होत नाही."

सुमैरा त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. हेच वाक्य तिच्या प्रकरणाच्या सोळाव्या पानावर होतं, आणि ते पान या माणसानं दोनदा वाचलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्याला स्वतःचं बोलणं ऐकूच आलं नव्हतं. तिनं मजकूर लिहून घेतला, सहीची जागा कोरी ठेवली आणि "उद्या देते" म्हणून निघाली. मुदतवाढ एकदाच मिळते, तिला मिळून गेली होती. महिन्याच्या आत प्रबंधावर सरांची सही झाली नाही तर सहा वर्षं पाण्यात.

घरी तिला वाटलं होतं, दादी चिडेल. म्हणेल, फाडून टाक. दादीनं असं म्हणावं, अशी तिची इच्छाच होती. मग फाडायला जोर आला असता.

दादीनं कागद हातात घेतला, लांब धरला, ओठ हलवत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"सही न्हाई केली तर मास्तर तुजं काम आडवतोय?"

"हो."

"मग अर्ज द्यावा लागनार." दादीनं कागद मांडीवर ठेवला आणि त्याच्या खालच्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं. "पर ह्येच्यात सूचक कुटं लिवत्यात?"

"अर्जात सूचक नसतो, दादी. नुसती सही असते."

"मग तितं माजं नाव घाल."

"तुझं कसं चालेल?"

"लिव की. जैतूनबी म्हन लिव, म्हातारीनंच नगं म्हटलं म्हनून सांग त्यास्नी. बाचं नाव हाय न्हवं त्या वहीत? त्येच्याखाली माजं बसंल." दादीनं तिचा हात धरला. "तू नगंस करू. एकदा आसं मागितलं की मानूस परत काय मागायचं इसरतो, म्या बगितलंय. तुला अजून लय मागायचं हाय, पोरी."

सुमैरानं दादीला समजावलं, की त्या कागदावर दुसऱ्याची सही चालत नाही. दादीला ते पटलं नाही. ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली, की माझं अक्षर चांगलं आहे, मी व्यवस्थित करीन.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता अर्जाची विभागात आवक नोंद झाली. सरांनी वाचला, 'विद्यार्थिनीच्या विनंतीवरून मान्य' असा शेरा मारला आणि चहा मागवला. अर्जाखाली सही सुमैराचीच होती.