गल्ल्यापर्यंत नेलेली डबी

मी एक जुने काचेचे कपाट आहे. कपाटाने मुकाट उभे राहावे, पण मित्रांनो, मला ते कधी जमले नाही.

सुताराने मला घड्याळांसाठी घडवले. पुढे मला एका मोठ्या दुकानाने विकत घेतले. माझ्यात काळ्यासावळ्या त्वचेसाठीची मलमे आणि कुरळ्या केसांसाठीची क्रीमे ठेवली आणि मला कुलूप ठोकले. समोरच्या उघड्या फळीवर गोऱ्या त्वचेसाठीची मलमे होती, त्याच किमतीची. ती कोणीही उचलावीत, हुंगावीत, परत ठेवावीत. माझ्यातले काही हवे असेल तर मात्र घंटा वाजवून ताटकळत उभे राहायचे. मग किल्लीवाल्या बाई येत. डबी गिऱ्हाइकाच्या हाती न देता स्वतः गल्ल्यापर्यंत नेत. तसा नियमच होता.

"यातून एकही डबी चोरीला गेली नाही," असे मॅनेजर कौतुकाने सांगत. अहो, समोरच्या फळीवरच्या डब्या माझ्यादेखत खिशात जात होत्या, पण तिकडे कोणी ढुंकून बघत नव्हते. माझा जीव नुसता वरखाली व्हायचा.

किल्लीवाल्या बाई स्वतः सावळ्या, केस कुरळे. त्या हे कसे करतात, म्हणून मला त्यांचा राग यायचा.

एकदा आपल्या सुट्टीच्या दिवशी त्या लेकीला घेऊन आल्या. स्वतःची क्रीम स्वतः निवडायची म्हणून पोरगी हरखली होती. घंटा ऐकून नवी विक्रेती धावत आली. तिने डबी काढली, तसा पोरीने हात पुढे केला.

"नाही हं, गल्ल्यापर्यंत मीच नेते," विक्रेती म्हणाली. "ताई, तुम्हीच तर शिकवलंत."

बिचारीला वाटले, ताई आपली परीक्षा घेताहेत.

पोरीने हात मागे घेतला. "आई, तू सगळ्यांना असंच करतेस?"

बाईंची मान खाली गेली. मला त्यांची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या नर्सने घंटा वाजवली. बाईंनी दार उघडले आणि डबी सरळ तिच्या हातात दिली.

मॅनेजर आले. "बाई, नियम काय आहे?"

"माहीत आहे. पण माझ्याच्यानं आता नाही व्हायचं."

"मग किल्ली ठेवा."

त्यांनी किल्ली ठेवली. आता त्या मागे गोदामात खोकी उचलतात, आणि मी अजून कुलपातच आहे.

मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. पण माझ्यासमोर कोणी ताटकळत उभे दिसले, तर त्याच्याकडे संशयाने बघू नका. मॅनेजरकडे जा आणि विचारा, कुलूप इथेच का?